उभ्याचा इळा

माझं नाव भागीरथी, पन लिवताना भागाच लिवा मास्तर, भागीरथी म्हनून कुनी हाक मारली तर मी वळूनसुदिक बघनार न्हाई. आमचं गाव साताऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात, तितं दुसरं काय पिकत न्हवतं पन गवत मातूर मानूस बुडंल एवढं, आन् माझी आय सांगायची की ती गवत कापाया गेलती तवाच मी झाले, तिनं मला भाऱ्यावर ठिवून घरी आनली. खरं खोटं देव जाने. लगीन झालं आन् मी परळात आले. आमचे मालक गिरनीत व्हते, आन् माझी सासू, तिला मी आत्याबाई म्हनायची, ती घोड्यांच्या तबेल्यावर गवत पुरवायच्या कामाला व्हती. ऱ्हायाला झोपडी, कुडाची, भुई शेनानं सारवल्याली. हे सारवन ध्यानात ठेवा बरं का, पुढं लागनार हाय. आले त्याच्या दुसऱ्या दिशी आत्याबाईनं हातात इळा दिला आन् म्हनाली चल.

आता काय सांगू तुमास्नी त्या वक्ताचं परळ. तुमी म्हनाल बाई थापा मारती. ट्राम घोडे वढायचे, बग्ग्या, टांगे, सगळं घोड्यावर, आन् घोडा काय हवा खाऊन ऱ्हातो का? लालबागेच्या अंगाला एका शेटाचा तबेला व्हता, तितनं घोडी भाड्यानं जायची, आन् तेंचं गवत आमी बाया कापायचो, तिकडं अंटापहिलच्या टेकडीच्या पायथ्याला, आता सरकारी घरं झाली म्हनत्यात, तवा निस्ता माळ व्हता, मदीच एक वडाचं झाड, एका अंगाला नाला, बास. आमी समद्या परळातल्याच, कुनी रांडमुंड, कुनाचा नवरा दारूडा, कुनाचं कायबी न्हाई पन पोरं लई. दव सुकलं की जायाचं, कारन वलं गवत मुठीत सरकतं आन् डोक्यावर जड हुतं. मंग उकिडवं बसायचं, डाव्या हातानं मूठ धरायची, उजव्यानं इळा आपल्याकडं वढायचा, सरकत सरकत पुढं, दिसभर. आत्याबाईची अशी सारी जिंदगी गेलती. रातच्याला ती गुडघं धरून बसायची आन् म्हनायची, गवत वाकूनच मागावं लागतं गं, ताठ मानसाला ते देत न्हाई.

तर त्या सालाला, म्हंजी पिलेगाच्या आदी दोन-चार वर्सं, शेटानं घोडी वाढवली. आमचं गवत पुरंना. आन् मुकादमाला तेच पायजे व्हतं. ह्यो मुकादम आमच्या डोक्यावरचा, मिशीला तेल लावायचा, बोलताना आमच्याकडं न बघता झाडाकडं बघायचा, तेनं शेटाला जाऊन सांगितलं की बायांच्यानं आता हे हुनार न्हाई, माझ्या गाववाल्या गड्यांस्नी लावतो, दसऱ्यापास्नं माळ तेंच्याकडं. अवो, तो माळ गेला म्हंजी आमी गेलो. दुसरं काम मला मिळालं असतं, मी तरनी व्हते, पन आत्याबाईला, आमच्या संगं कापनाऱ्या हौसाला, त्या बाकीच्या म्हाताऱ्यांस्नी कोन दारात उभं करनार?

तबेल्यात एक गोरा सायब व्हता. घोड्याची नाल, खूर, दुखनं-खुपनं बघायचा, आमी त्येला नालसायबच म्हनायचो, म्हातारा, लाल तोंडाचा, पन मनानं गरीब. तेनं शेटाला सांगितलं की मानसं कशाला बदलता, हत्यार बदला, आन् इलायतेहून दोन इळे मागवले. इळे कसले, मी तर पैल्यांदा बघून भ्याले. पातं हातभर लांब, वाकडं, आन् त्येला मानसाएवढा दांडा, दांड्याला दोन मुठी. उभ्यानं कापायचा इळा. मुकादमानं तो बघितला आन् तेचं तोंड उतरलं, पन लगीच म्हनाला, हे मर्दाचं हत्यार हाय, माझ्या गड्यांस्नी शिकवा सायब.

मंग गडी आले. मास्तर, ती गंमत बघायला तुमी पायजे व्हता. नालसायब आपला दाखवतोय, हळू हळू, आन् ह्ये गडी त्येला कोयता समजून वरनं घालायलेत. एकाचं पातं भुईत रुतलं, त्येला दोघांनी वढून काढलं. दुसऱ्यानं असा जोर लावला की स्वताच गरकन फिरून बसला. तिसऱ्यानं धोंड्यावर घातलं आन् एका इळ्याचं पातं मोडलं काडकन. आमी बाया पदर तोंडात कोंबून हसतोय. सायब डोकं धरून बसला. गड्यांनी ऱ्हायलेला इळा तबेल्याच्या भितीला टांगला, म्हनले ह्यात भूत हाय, आमी आपले घरच्या इळ्यानंच कापू, आन् मुकादम खूस, कारन दसऱ्याचा बेत काय मोडला न्हवता.

पन मी त्या दिशी गड्यांकडं बगत न्हवते, सायबाच्या हाताकडं बगत व्हते. सायब कापताना पातं उचलायचाच न्हाई. भुईवर टेकवून, उजवीकडनं डावीकडं, कमानीवानी फिरवायचा, आन् दुसरी कमान पैलीला चाटून जायाची. आन् तेनं कापून झालं आन् गवत बाजूला पडलं तवा भुईवर तसे वळ दिसले, एकात एक, एकात एक. मी म्हनलं, आगं बया, हे तर सारवन हाय. आपून बाया दुसरं काय करतो? हाताचा तळवा भुईला लावायचा आन् उजवीकडनं डावीकडं फिरवायचा, जोर न्हाई लावायचा, जोर लावला तर पोपडा निघतो. गड्यांनी जल्मात कधी भुई सारवली न्हवती, मंग तेंना कसं येनार? मी आत्याबाईला सांगितलं, तर ती म्हनाली, गप. बाईमानसानं उभ्यानं गवत कापायचं, लोक काय म्हनतील, आन् पाय तुटला म्हंजी तुझ्या नवऱ्याला मी काय सांगू?

मी ऐकतेय व्हय? दुसऱ्या दिशी भारा टाकायला तबेल्यात गेले तवा सरळ सायबाफुडं उभी ऱ्हायले आन् भितीकडं बोट दावलं. सायबाला आमची बोली मोडकीतोडकी यायची. तेनं माझ्याकडं बगितलं, मुकादमाकडं बगितलं. मुकादम झाडाकडं बगून म्हनाला, बाई हाय ती सायब. सायब म्हनाला, तेच्या गावात त्येची आत्या कापायची, बापापेक्षा चांगलं. आन् इळा काढून माझ्या हातात दिला. तेवढ्या एका शब्दावर मी त्या मानसाला आजून नमस्कार करते.

आता फजिती सांगते, न्हाईतर म्हनाल म्हातारी निस्ती फुशारकी मारती. तबेल्यामागं गवताचा तुकडा व्हता, तितं मी कास मारून उभी ऱ्हायले, पातं टेकवलं आन् कमरंतनं फिरवलं. सर्र करून कापलं. पैल्याच फटक्याला, मास्तर, गड्यांस्नी दिसभरात जमलं न्हाई ते. मला असा उल्हास आला की मी दुसरा हात मारला, तिसरा मारला, आन् मागं सरले. मागं. कारन सारवताना आपून मागंच सरतो की नाही? सारवल्याल्या भुईवर पाय ठिवायचा न्हाई, ठिवला तर सासू पाठीत घालती. तशी मी कापल्यावर पाय ठिवायला भिऊन मागं मागं गेले, आन् मागचं उभं गवत माज्याच टाचंखाली तुडवलं, मंग तुडवल्यालं गवत आडवं झालं ते काय कापंना, आन् पातं माझ्या टाचंला लागता लागता ऱ्हायलं. हौसा हसली, गडी हसले, सायब तर पोट धरून मटकन खाली बसला. आन् मंग उठून म्हनाला, फुडं चल बाई, फुडं, कापल्यालं तुझंच हाय, त्येच्यावर पाय दे.

तुमास्नी सोपं वाटंल, पन मला त्येला लई दिस लागले. पाय उचलला की मन म्हनायचं वल्या भुईवर पाय देतीस. शेवटी मी मनाला सांगितलं की ही भुई वाळली, आन् निघाले फुडं.

मंग सायबानं बाकीचं दावलं. दांडा तेच्या उंचीचा, मी हितकी बुटकी, म्हनून लालबागेतल्या सुताराकडं नेऊन कापून घेतला, मुठी खाली घेतल्या. सुतार म्हनला कुनासाठी, मी म्हनलं नवऱ्यासाठी, न्हाईतर मेल्यानं सतरा इचारलं असतं. धार कशी लावायची, तर दगड पान्यात बुडवायचा, दोन्ही अंगानं पात्यावर फिरवायचा, आन् थोडं कापलं की परत. आन् सगळ्यात उलटं म्हंजी दव. आमी जल्मभर दव सुकायची वाट बघितली, आन् ह्या इळ्याला दवच लागतं, वल्या गवतावर पातं पान्यावानी जातं, उन्हं चढली की गवत लवतं आन् पातं वरनं सरकतं. मी म्हनलं, सायब, वलं गवत घोड्यानं खाल्लं तर पोट धरंल. तो म्हनला, वाळवायचं. कोन वाळवनार? तवा मला सुचलं, ह्या म्हाताऱ्या. मी कापीन, त्या काठीनं उलटं-सुलटं करतील, वाळवतील, भारे बांधतील. उकिडवं बसायला नको. माळ समद्यांचा ऱ्हाईल.

ते मी मुकादमाला सांगितलं तर तेनं पैल्यांदा माझ्याकडं सरळ बगितलं. म्हनाला, नाल्यापास्नं वडापातूरचा माळ मधोमध वाटू. एका अंगाला माझे गडी, एका अंगाला तू एकटी. उन्हं डोक्यावर यायच्या आत ज्येचं संपंल, माळ तेंचा. मी म्हनलं, बरं. माझं बरं तोंडातनं गेलं आन् मागनं आत्याबाईनं माझा दंड असा चिमटला की निळा झाला. म्हनाली, तू आमच्या समद्यांची भाकर डावावर लावलीस गं. मी म्हनलं, आत्याबाई, ती तशीबी जायाला बसलीच हाय.

गौरी जेवल्या, इसर्जन झालं, त्या मागनं उघडीप पडली, तवाचा दिस. मी तांबडं फुटताना माळावर. इळ्याला हळदकुकू लावलं, आन् पाय रोवला. दव असं की लुगडं गुडघ्यापातूर भिजलं. गडी आले न्हवते, ते दव सुकायची वाट बघत घरी बिड्या वढत असतील, सवंच तसली ना, आमचीबी तीच व्हती. मी कापत चालले. सर्र, एक पाऊल, सर्र, एक पाऊल. डाव्या अंगाला गवताची वळ अशी पडत जायाची की मलाच बघून नवल वाटायचं. मधी थांबून धार लावायची, परत सर्र. गडी आले तवा माझा निम्मा माळ झाला व्हता. तेंची तोंडं बघाया पायजे व्हती. मुकादम वरडला, बसा, बसा, कापा, आन् ते बसले, आन् हात चालवले बिचाऱ्यांनी, खोटं कशाला बोलू, गडी कष्टाळू व्हते. पन बसल्यालं मानूस कितीक सरकनार? माझ्या मागनं आत्याबाई, हौसा आन् बाकीच्या काठीनं गवत पसरीत येत व्हत्या, आन् आत्याबाईचा आवाज मला कानावर यायचा, हळू गं, हळू, पोपडा नको काढूस. ज्या बाईला हे सारवन हाय म्हनून सांगितल्यावर ती मला गप म्हनली, तीच आता मला सारवायला शिकवत व्हती.

वडाच्या अलीकडं वारूळ व्हतं. मोठं, म्हाताऱ्या बायका पंचमीला तितं लाह्या वाहायच्या, आमीबी वाहिल्या व्हत्या, कुकू आजून दिसत व्हतं. त्येच्या भवती गवताचं कडं. मी तितं थांबले, हात जोडले, आन् ते कडं सोडून वळसा घालून फुडं गेले. वडाच्या बुडाशी शेवटचा हात मारला, इळा खांद्यावर घेतला, आन् सावली बगितली. उन्हं आजून डोक्यावर आली न्हवती. गडी निम्म्यावर.

मुकादम आला. तेनं माझा सारा माळ पायानं चाचपला. कुठं झुबका ऱ्हायलाय का, कुठं बुडखं उंच ऱ्हायलंय का, पायाच्या अंगठ्यानं उकरून बगितलं. सायब वडाखाली उभा ऱ्हाऊन बघत व्हता. फिरता फिरता मुकादम वारुळापाशी आला आन् तेला मिळालं. म्हनाला, हे ऱ्हायलंय, हे कापल्यालं न्हाई, काम आर्धं हाय, डाव माझा.

कापल्यालं न्हाई ते खरंच व्हतं. आन् तवा आत्याबाई, जी बाई जल्मात मुकादमाफुडं डोकं वर काढून बोलली न्हवती, ती काठी टेकत पुढं आली आन् म्हनाली:

ते नागोबाचं हाय, मुकादम. तुमास्नी पायजे असंल तर तुमी कापा.

आन् कंबरंचा आपला जुना इळा काढून तेच्या फुडं धरला. मुकादमानं इळ्याकडं बगितलं, वारुळाकडं बगितलं. मंग वळून आपल्या गड्यांस्नी म्हनाला, काप रे कुनीतरी. एकबी उठला न्हाई. एकानं तर कानाला हात लावले, म्हनला, मुकादम, मला गावाकडं पोरं हायत. दुसरा म्हनला, बाईनं बराबर केलंय, आमीबी तेच केलं असतं. मुकादमाचेच गाववाले, बरं का, दुसरं कुनी न्हवं. नालसायबानं इचारलं काय झालं, हौसानं त्येला हातवारे करून नाग दावला, आन् तो मान हलवून म्हनाला, माळ बायांचा, शेटाला मी सांगतो. झालं. तेवढंच. मुकादम झाडाकडं बघाया लागला, आन् तिथनं पुढं तो माझ्याशी बोलताना कायम झाडाकडंच बघायचा, पन हाक मातूर भागाबाई म्हनून मारायचा.

आत्याबाईनं काय केलं म्हाईत हाय? माझ्या तोंडावरनं दोन्ही हात फिरवले आन् आपल्या कानशिलावर बोटं मोडली कडाकडा. लगीन झाल्यापास्नं त्या बाईनं माझी कधी दृष्ट काढली न्हवती. मी तितं माळावर बसून रडले, आनंदानं रडले, लाजायचं काय त्यात. संध्याकाळी आमी समद्या भारे डोक्यावर घेऊन परळच्या रस्त्यानं आलो तवा मी फुडं, खांद्यावर इळा, आन् बाया ववी म्हनत मागनं. गिरनी सुटली व्हती, लोक थांबून बघायचे. आमच्या मालकानं मला बगितलं, त्यो तर मित्रांस्नी सांगत सुटला, ती फुडची माझी बायकू हाय.

दसरा आला, माळ आमचाच ऱ्हायला. शेटानं आनखी इळे मागवले, मी हौसाला शिकवलं, तरन्या पोरींस्नी शिकवलं, आन् परत्येक पोर पैल्यांदा मागंच सरली, एकजात, मी हसायची न्हाई, मी निस्तं म्हनायची, फुडं चल, भुई वाळली.

आन् मंग त्याच हिवाळ्यात एकदा, समद्या भारे बांधत व्हत्या, आत्याबाई माझ्यापाशी आली. म्हनाली, मला दे बघू एकदा. मी म्हनलं, आत्याबाई, तुमचं गुडघं. म्हनाली, गुडघं बसायला लागत्यात, उभं ऱ्हायाला न्हाई लागत, तूच सांगतीस न्हवं? मी तिला मागनं कंबरंला धरलं, तिनं दोन्ही मुठी पकडल्या, पातं टेकवलं, आन् फिरवलं. एकच हात. सर्र. गवत आडवं पडलं. मंग म्हनाली, भागे, मी चाळीस वर्सं बसून मागितलं गं, उभ्यानंबी देतंय की हे.

फुडं पिलेग आला, त्यात ती गेली. नालसायब इलायतेला गेला. ट्रामला इजेची गाडी आली, घोडी गेली, तबेला गेला, माळ गेला. मला वाईट वाटत न्हाई, आमचं पोट भरून झालं व्हतं, पोरं मोठी झाली व्हती. तो इळा अजून हाय, तो बघा दारावर, धार लावून लावून पातं बोटाएवढं ऱ्हायलंय. सून म्हनती भंगारवाल्याला द्या. मी म्हनते, मी मेल्यावर दे, तवर खंडेनवमीला त्येला झेंडूची माळ घाल. घालती बिचारी, कुरकुरत.

आता बास, दमले मी. तुमी लई लिवलंत मास्तर, तुमची पाठ दुखत असंल, बघा कसं वाकून बसलाय. माझी बघा. हात लावून बघा, लाजू नका, तुमच्या आजीच्या वयाची हाय मी. हाय का कुठं वाकल्याली? आत्याबाई माझ्यापरीस कमी वयात जमिनीला टेकली व्हती. जावा आता, सुखी ऱ्हावा, तुमच्या घरातल्या लेकीबाळी मोठ्या हू द्यात, आन् तेंना सांगा, परळच्या भागीनं सांगितलंय म्हनावं, कापल्यालं आपलंच असतं, त्येच्यावर पाय द्यायला भिऊ नका.